इंटरनेटचे पत्ते : मालक कोण, कूळ कोण?

व्यापारी गावाला पत्त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. तापीच्या खोऱ्यातून सुरत-भुसावळ लोहमार्ग गेला आणि दोंडाईचाचे नाव दूरदूरच्या बाजारपेठांतील रेल्वे पावत्यांवर उमटू लागले. मिरची, कापूस, धान्य यांचा हा बाजार शंभर वर्षांहून अधिक काळ पोस्टकार्ड, तार, हुंडी आणि बिल्टी यांच्या आधारावर चालला, आणि या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : पेढीचा पत्ता पक्का असला पाहिजे. पत्ता बदलला तर उधारी अडते, माल भलत्याच दारात उतरतो आणि वर्षानुवर्षे जोडलेला आडत्या हातचा जातो. पेढी भाड्याच्या जागेत असली तरी व्यापारी सहसा जागा सोडत नाही, त्याचे हेच कारण. घरमालकालाही हे ठाऊक असते आणि तो त्या हिशेबाने भाडे वाढवितो.

आता त्याच पेढीला आणखी एक पत्ता चिकटला आहे. तो आकड्यांचा आहे. दुकानाच्या पाटीवर तो लिहिलेला नसतो, आणि बहुतेक दुकानदारांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला ओळखण्यासाठी हा आयपी पत्ता लागतो. नुसत्या बातम्या वाचणाऱ्या, चित्रपट पाहणाऱ्या माणसाला तो रोज बदलला तरी चालते. परंतु ज्याला गोदामातील कॅमेरे घरी बसून पाहावयाचे आहेत, मुख्य कचेरीतील हिशेबाचा संगणक शाखेतून उघडावयाचा आहे, बँकेशी किंवा शासकीय यंत्रणेशी आपला संगणक थेट जोडावयाचा आहे, त्याला न बदलणारा पत्ता लागतो. व्यवहारात त्याला स्टॅटिक आयपी म्हणतात. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल सक्तीचे झाले. ज्या मोठ्या उद्योगांना ही बिले स्वतःच्या संगणकप्रणालीतून थेट काढावयाची असतात, त्यांना आपले स्थिर पत्ते त्या यंत्रणेकडे आधी नोंदवून ठेवावे लागतात. नोंद नसलेल्या पत्त्यावरून आलेली विनंती दारातच अडविली जाते.

हा पत्ता मिळतो सेवादात्याकडून, म्हणजे ज्याची तार आपल्या भिंतीतून आत आली आहे त्याच्याकडून. उद्योग आणि सेवादाता यांच्यातील धुसफुशीचे मूळ येथे आहे. दोंडाईचासारख्या गावातील एखादी जिनिंग मिल कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. पाच वर्षे तिने एका सेवादात्याची जोडणी वापरली. त्याच्या स्थिर पत्त्यासाठी दरसाल वेगळे पैसे मोजले. तो पत्ता बँकेत नोंदला, विमा कंपनीकडे नोंदला, सुरतेच्या खरेदीदाराच्या संगणकातही नोंदला. पुढे सेवा ढिली पडली, जोडणी आठवड्यातून दोनदा तुटू लागली, आणि बाजारात दुसरा सेवादाता कमी दरात चांगली सेवा देण्यास तयार झाला. मिलने जोडणी बदलली, की पहिला पत्ता त्याच दिवशी सुटतो. जेथे जेथे त्याची नोंद आहे तेथे तेथे अर्ज, पत्रव्यवहार, फेऱ्या. या त्रासाची किंमत नव्या सेवेत वाचणाऱ्या पैशांहून जास्त भरते. म्हणून मिल जुन्याच सेवादात्याकडे राहते आणि तक्रार करीत राहते. अर्थशास्त्रात याला अदलाबदलीचा खर्च म्हणतात. स्पर्धा कागदावर असते, पण तिचा लाभ ग्राहकाच्या पदरात पडत नाही.

साहजिकच प्रश्न विचारला जातो : मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी सोबत नेता येतो, मग इंटरनेटचा पत्ता का नाही? २० जानेवारी २०११ रोजी देशभर मोबाइल क्रमांकाची ही सोय सुरू झाली. त्यानंतर ग्राहक कंपनीच्या दारात बांधलेला राहिला नाही, हे सर्वांनी अनुभवले आहे. इंटरनेटच्या पत्त्याला हाच न्याय लावावा, ही मागणी वरकरणी बिनतोड वाटते. सेवादाते मात्र ती ऐकून हसतात. त्यांच्या हसण्यात लबाडीचा अंश असेलही. पण त्यामागे एक खरी तांत्रिक अडचण आहे, आणि ती समजून घेतल्यावाचून या वादाचा निवाडा करणे अन्यायाचे होईल.

ती अडचण टपालखात्याच्या उदाहरणाने सहज कळते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड आला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी, हेही जाता जाता सांगावयास हरकत नाही. दोंडाईचाचा पिनकोड ४२५४०८. त्यातील पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कचेरी. कोलकात्यातील वर्गवारी करणाऱ्या कारकुनाला दोंडाईचा कोठे आहे हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. तो पहिला आकडा पाहून पत्र योग्य थैलीत टाकतो आणि मोकळा होतो. संपूर्ण व्यवस्थेचे सामर्थ्य या अज्ञानात आहे. प्रत्येक कारकुनाला प्रत्येक गाव पाठ करावे लागले असते तर देशाचे टपाल पहिल्याच दिवशी तुंबले असते. आता समजा, दोंडाईचाचा एक व्यापारी पुण्यास स्थायिक झाला आणि ‘माझा पिनकोड माझ्या मालकीचा आहे, तो मी सोडणार नाही’ असा हट्ट धरून बसला. त्याच्या एकट्यासाठी देशातील प्रत्येक वर्गवारी कचेरीत एक चिठ्ठी लावावी लागेल. असे दहा व्यापारी निघाले तर दहा चिठ्ठ्या, आणि दहा लाख निघाले तर पिनकोड असून नसल्यासारखा होईल.

इंटरनेटवरील माहितीचे तुकडे योग्य दिशेला वळविणारी राउटर नावाची यंत्रे नेमके असेच काम करतात. मोठ्या सेवादात्याला पत्त्यांचा सलग पट्टा मिळालेला असतो. जगातील इतर यंत्रांनी त्या पट्ट्याची एकच नोंद ठेवली की पुरते. त्यातील लाखो ग्राहक कोण आणि कोठे, हे त्यांना जाणून घ्यावे लागत नाही. ग्राहक आपला पत्ता घेऊन दुसऱ्याकडे गेला, की त्या सलग पट्ट्याला भोक पडते आणि जगभरच्या यंत्रांत एक अपवाद वाढतो. या नोंदींची यादी आज दहा लाखांच्या घरात पोहोचली आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ती पाच लाख बारा हजारांच्या पलीकडे गेली. जुन्या यंत्रांची स्मरणशक्ती तेवढ्याच नोंदींपुरती बेतलेली असल्यामुळे अनेक ठिकाणी सेवा कोलमडली. म्हणजे पत्ता सोबत नेण्याचा लाभ एका ग्राहकाचा, आणि त्याचा बोजा मात्र त्याने कधी न पाहिलेल्या हजारो यंत्रमालकांवर. गावच्या गायरानात प्रत्येकाने एकेक जनावर जास्त सोडावे आणि सर्वांचीच उपासमार व्हावी, तसाच हा प्रकार.

मोबाइलच्या बाबतीत हे साधते, कारण तेथे फोन लागण्यापूर्वी ‘हा क्रमांक सध्या कोणाकडे आहे’ असे विचारता येणारी मध्यवर्ती नोंदवही आहे. एक फोन लावताना एकदा विचारले की झाले. इंटरनेटवर प्रत्येक सेकंदाला अब्जावधी तुकडे धावतात. प्रत्येकाच्या वेळी थांबून विचारणा करण्याची सोय मूळ रचनेतच नाही. म्हणून १९९३ पासून पत्त्यांचे वाटप सलग पट्ट्यांनी करण्याची पद्धत रूढ झाली आणि १९९६ साली इंटरनेटच्या अभियंत्यांनी एका टिपणात असे मत मांडले, की पत्ता ग्राहकाला मालकीने न देता उसना द्यावा. जोडणी आहे तोवर तो त्याचा, जोडणी सुटली की परत. हा विचार सर्वांनी निमूटपणे स्वीकारला असे मात्र झाले नाही. २००४ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील एका वेबसेवा कंपनीने सेवादाता सोडताना जुने पत्ते आपल्याकडेच राहावेत म्हणून न्यायालयात धाव घेतली, आणि न्यायालयाने तिच्या बाजूने तात्पुरता हुकूमही दिला. जगभरच्या अभियंत्यांत त्यावर मोठी खळबळ उडाली. न्यायाधीशाने घराचा पत्ता आणि टपालाची वाट यांत गल्लत केली, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु ज्या कंपनीचे सारे ग्राहक त्या पत्त्यांवरून येत होते तिला वाटेचे शास्त्र सांगून काय समाधान होणार?

टंचाई आणि खंड

येथवरचा वाद रचनेचा झाला. त्याला धार चढली ती टंचाईने. इंटरनेटच्या पत्त्याची जी चौथी आवृत्ती आजही बहुतेक कारभार चालविते, तिचा पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा आहे. त्यातून एकूण ४२९ कोटी ४९ लाख पत्ते निघतात, अधिक नाही. १९७७ च्या सुमारास व्हिन्टन सर्फ आदी संशोधकांनी हा आकडा ठरविला तेव्हा तो एका प्रयोगापुरता होता आणि त्या प्रयोगाला अमाप पुरेसा होता. प्रयोग मात्र संपलाच नाही. सुरुवातीच्या काळात पत्ते मुक्त हस्ताने वाटले गेले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, फोर्ड मोटार कंपनी, ॲपल अशा एकेका संस्थेला एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्त्यांचा एकेक पट्टा मिळाला. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाच्या मार्फत, आणि खाजगी सेवादात्यांना वाट मोकळी झाली ती १९९८ च्या अखेरीस. पंगतीला उशिरा पोहोचलेल्याच्या पानात काय पडावयाचे ते पडले. एकशे चाळीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भारताच्या वाट्याला चौथ्या आवृत्तीचे सुमारे चार कोटी पत्ते आहेत. त्या एका अमेरिकन विद्यापीठाला एकेकाळी मिळालेल्या पट्ट्याच्या अडीच पटींहूनही हे कमी. त्याच विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्याकडील वापरात नसलेल्या पत्त्यांपैकी निदान ऐंशी लाख विकावयास काढले, आणि ॲमेझॉनने त्यांतला मोठा भाग घेतला.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील शेवटचे पाच पट्टे पाच खंडीय नोंदणी संस्थांना वाटून देण्यात आले आणि ते कोठार रिकामे झाले. आपल्याकडे मोबाइल क्रमांक मोकळा झाल्याला तेव्हा पुरते दोन आठवडे उलटले होते. आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. तिने १५ एप्रिल २०११ पासून शिधावाटप सुरू केले. प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त १०२४ पत्ते, आणि २०१९ पासून जास्तीत जास्त ५१२. भारतात हे काम २०१२ पासून ‘निक्सी’ या ना-नफा कंपनीच्या छत्राखालील राष्ट्रीय नोंदणी विभाग पाहतो, आणि मर्यादा तीच आहे. ज्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

टंचाई आली की बाजार येतो. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेल कंपनीकडून ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्यास सव्वाअकरा डॉलर पडले. दहा वर्षांत हा भाव पन्नास डॉलरांच्या आसपास चढला आणि पुढे उतरला. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनने आपल्या संगणकसेवेत प्रत्येक सार्वजनिक पत्त्यावर तासाला अर्धा सेंट भाडे बसविले. वर्षाला ते सुमारे चव्वेचाळीस डॉलर होते. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाची जी मीमांसा केली, ती येथे शब्दशः लागू पडते. जमीन कसदार असण्याने खंड मिळत नाही. कसदार जमीन सर्वांना पुरत नाही म्हणून मिळतो. आकड्यांच्या या मालिकेत कस असा काहीच नाही, उत्पादनखर्च जवळजवळ शून्य आहे. केवळ संख्या मर्यादित आहे म्हणून तिच्यावर खंड बसला.

गावातला सेवादाता

अशा वेळी सारा रोष गावातल्या सेवादात्यावर काढणे सोपे असते. कालपर्यंत टीव्हीची केबल ओढणारा माणूस आज इंटरनेटचा व्यावसायिक झाला आणि पत्त्याचे भाडे मागू लागला, असे लोक म्हणतात. पण त्याची बाजूही पाहिली पाहिजे. शासनाच्या परवाना पद्धतीत देश, राज्य आणि जिल्ह्याएवढा टापू अशा तीन पायऱ्या राहिल्या आहेत. सर्वांत खालच्या ‘क’ वर्गातील सेवादाता पत्ते मागावयास उशिरा गेला असेल तर त्याला ५१२ पत्ते मिळतात. ग्राहक हजारोंनी असतात. मोठ्या कंपनीकडून घाऊक जोडणी घेताना तिचेच पत्ते घेतले, तर तो स्वतःही कूळच ठरतो : घाऊक पुरवठादार बदलावा तर त्याच्या सर्व ग्राहकांचे पत्ते एका रात्रीत बदलतात. सावकाराला सावकार असतोच.

मग तो काय करतो? एका पत्त्यावर शंभर-दोनशे बिऱ्हाडे बसवितो. जुन्या वाड्याची रचना येथे आठवावी. रस्त्यावर एकच दिंडी दरवाजा आणि आत अनेक बिऱ्हाडे. आतला माणूस बाहेर जाऊन भाजी घेऊन येऊ शकतो, पण बाहेरच्या पाहुण्याला नुसता वाड्याचा क्रमांक सांगून कोणाचेही बिऱ्हाड सापडत नाही. प्रत्येक पत्त्याला सुमारे पासष्ट हजार अंतर्गत दारे असतात. ती बिऱ्हाडांत वाटून हा संसार चालतो. सामान्य वापरास हे चालून जाते. गैरसोय होते ती वेगळ्याच ठिकाणी. वाड्यातील एकाने उपद्रव केला, की बाहेरची एखादी बँक किंवा संकेतस्थळ साऱ्या वाड्यालाच बंदी करू शकते. एकाच वेळी पन्नास विद्यार्थी परीक्षेचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरावयास बसले, तर पलीकडच्या यंत्रणेला ते पन्नास विद्यार्थी दिसत नाहीत. एकच उतावळा माणूस पन्नास वेळा दार ठोठावताना दिसतो, आणि ती दार लावून घेऊ शकते.

याहून गंभीर गोष्ट फौजदारी तपासाची. कोणी फसवणुकीचा संदेश धाडला आणि तपासात केवळ पत्ता हाती आला, तर त्या पत्त्यामागे शेकडो निरपराध कुटुंबे उभी असतात. नेमके दार आणि नेमका क्षण यांची नोंद असेल तरच खरा माणूस सापडतो. ही नोंद ठेवण्याची जबाबदारी परवान्याने सेवादात्यावर टाकली आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची मुदत एक वर्षावरून दोन वर्षांवर नेण्यात आली. हजारो ग्राहकांच्या अशा नोंदी दोन वर्षे साठविण्याचा खर्च मुंबईच्या कंपनीला जाणवत नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या सेवादात्याला तो जाणवतो. स्थिर पत्त्याच्या भाड्यात हा खर्चही मिसळलेला असतो. तरीही त्या भाड्यात खर्च किती आणि खंड किती, हे ग्राहकाला कोणी उकलून दाखवीत नाही, हा आक्षेप उरतोच.

सहाव्या आवृत्तीचा उतारा

टंचाईवर उपाय नाही असे नाही. पत्त्याची सहावी आवृत्ती १२८ अंकांची आहे. तिच्यातील पत्त्यांची संख्या लिहावयाची तर ३४० वर छत्तीस शून्ये मांडावी लागतात. ६ जून २०१२ रोजी जगातील मोठ्या कंपन्यांनी ती कायमची सुरू केली. दूरसंचार विभागाने २०१० मध्ये तिचा पहिला आराखडा काढला, २०१३ मध्ये दुसरा काढला, आणि मुदती पुढे ढकलीत नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा फर्मान काढले : शासकीय कचेऱ्यांनी ३० जून २०२२ पर्यंत बदल पुरा करावा आणि ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी तारेची घरगुती जोडणी सहाव्या आवृत्तीस योग्य असावी. शासकीय मुदतींचे भवितव्य सांगावयास नको.

पण गंमत अशी, की मोबाइलच्या क्षेत्रात भारत या बाबतीत जगाच्या आघाडीवर जाऊन बसला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा सुरू केली ती मुळातच सहाव्या आवृत्तीवर. जुने पत्ते पुरेसे मिळणारच नव्हते, म्हणून नाइलाजाने नवी वाट धरावी लागली आणि इतर कंपन्यांना मागे यावे लागले. आज भारतातील निम्म्याहून बरेच अधिक वापरकर्ते सहाव्या आवृत्तीने इंटरनेटवर पोहोचतात. परिणामी दोंडाईचाच्या बाजारात हमालाच्या खिशातील फोनला स्वतःचा स्वतंत्र पत्ता असू शकतो, आणि ज्या पेढीत तो पोती उतरवितो तिच्या कचेरीतील संगणक मात्र दोनशे बिऱ्हाडांच्या वाड्यात भाडेकरू. तारेच्या जोडणीतील छोटे सेवादाते मागे राहिले, याची कारणे सरळ आहेत. ग्राहकाच्या घरातील जुने राउटर बदलावे लागतात, माणसे शिकवावी लागतात, आणि हा खर्च करून नवे उत्पन्न काही मिळत नाही. उलट स्थिर पत्त्याचे भाडे बुडते. ज्याला टंचाईतून खंड मिळतो त्याला टंचाई संपविण्याची घाई नसणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्यासाठी त्याला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. त्याची घाई वाढेल असे नियम करणे हे शासनाचे काम.

येथे एका भ्रमाचा निरास केला पाहिजे. सहावी आवृत्ती आली की उद्योगांचे सेवादात्यावरील अवलंबित्व संपेल, असे अनेकजण समजतात. टंचाई संपेल, हे खरे. परंतु पत्ता सलग पट्ट्यांनीच द्यावा लागतो ही रचनेची अट तेथेही कायम आहे. सेवादात्याच्या पट्ट्यातला पत्ता सेवादाता सोडल्यावर तेथेही परत करावा लागतो. म्हणजे खंड शून्यावर येईल, कूळपण राहीलच.

म्हणून खान्देशातील वाचकाला कूळकायद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९४८ च्या कायद्याने कुळाला आधी संरक्षण दिले. मनास येईल तेव्हा जमिनीवरून उठविण्याचा मालकाचा अधिकार काढून घेतला. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. इंटरनेटच्या पत्त्यांत ही दुसरी पायरी शक्य नाही. सर्वांना मालकी दिली तर वाटच बंद पडेल. पण पहिली पायरी, म्हणजे कुळाला मुदत आणि संरक्षण, हिच्या आड तंत्रशास्त्राची कोणतीच अडचण येत नाही. सेवा सोडणाऱ्या उद्योगाला जुना पत्ता निदान तीन महिने चालू ठेवून मिळावा, त्याचे वाजवी भाडे आधीच करारात लिहिलेले असावे, आणि सेवादात्याने स्वतःच्या सोयीसाठी पत्ता बदलावयाचा ठरविल्यास तेवढ्याच मुदतीची नोटीस द्यावी, एवढे नियमाने बांधले तरी निम्मी भांडणे मिटतील. जुनी आणि नवी जोडणी काही काळ शेजारी-शेजारी चालविणे हे अभियंत्याला रोजचे काम आहे. आज ते सेवादात्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, इतकेच.

दुसरी गोष्ट उद्योगांच्या स्वतःच्या हाती आहे. आकड्याचा पत्ता सोबत येत नसला तरी नाव येते. स्वतःच्या नावाचे डोमेन नोंदविले आणि सर्व व्यवहार त्या नावावर बांधले, तर मागचा आकडा बदलला तरी ग्राहकाला पत्ता नसतो. देवनागरीत ‘.भारत’ ही नावांची सोय २७ ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे. अडते ते बँका आणि शासकीय यंत्रणा यांच्यापाशी. त्यांना नाव चालत नाही, आकडाच हवा असतो. ओळख पटविण्यासाठी अंकीय सही आणि प्रमाणपत्र यांसारखी कितीतरी भक्कम साधने हाताशी असताना, वाड्याचा क्रमांक पाहून माणसाची ओळख ठरविण्याचा हा आग्रह केवळ सवयीने चालू आहे. उद्योगांना सेवादात्याच्या दाराशी बांधण्याचे काम येथे शासनच नकळत करीत असते.

मोठ्या संस्थांना तिसरी वाट आहे. जी संस्था दोन सेवादात्यांशी एकाच वेळी जोडलेली आहे तिला राष्ट्रीय नोंदणी विभागाकडून स्वतःच्या नावे पत्ते मागता येतात. सेवादाते बदलले तरी ते पत्ते तिचेच राहतात. जगाच्या यादीत तिची एक नोंद वाढते खरी, पण शेकडो लोकांच्या कामासाठी एक नोंद हा सौदा महाग नव्हे. महाविद्यालये, बाजार समित्या, मोठ्या पतसंस्था यांनी याचा विचार करण्याजोगा आहे. एकेकट्याला हे परवडणार नाही असे म्हटले जाईल. पण सूतगिरण्या, दूध संघ आणि पतपेढ्या ज्या प्रदेशाने सहकारातून उभ्या केल्या, तेथे दहा संस्थांनी मिळून एक नोंदणी करणे अशक्य का मानावे?

अर्थात नोंदणी संस्थांवर डोळे मिटून विसंबावे असेही नाही. आफ्रिका खंडाची नोंदणी संस्था मॉरिशसमध्ये आहे. तिने आपल्या एका मोठ्या सभासद कंपनीकडून सुमारे बासष्ट लाख पत्ते परत घेण्याचा पवित्रा घेतला तेव्हा कंपनी न्यायालयात गेली. जुलै २०२१ मध्ये संस्थेची बँक खाती गोठविण्यात आली आणि २०२३ मध्ये न्यायालयाला तिच्यावर रिसीव्हर नेमावा लागला. चोपन्न देशांच्या पत्त्यांचे दप्तर सांभाळणारी संस्था पगार कसे द्यावेत या विवंचनेत पडली. आपल्याकडील नोंदणी विभागावर शासनाचा हात असल्याने तसे घडण्याचा संभव कमी. मात्र शासनाचा हात ही वेगळ्या प्रकारची काळजी आहेच. त्याच्या आणि ब्रिस्बेनच्या संस्थेच्या धोरणविषयक बैठका सर्वांना खुल्या असतात. तेथे सेवादात्यांचे अभियंते जातात, मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी जातात. मिरचीचा व्यापारी जात नाही, जिनिंगचा मालक जात नाही, आणि त्यांच्या वतीने जावे असे त्यांच्या व्यापारी संघटनांनाही अद्याप वाटलेले नाही. महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यापैकी दोघांना प्रवासखर्च देऊन अशा बैठकीस धाडावयाचे ठरले, तर एखाद्या बाजार समितीच्या अंदाजपत्रकात ती रक्कम शोधूनही सापडणार नाही इतकी लहान असेल.